आधी पावलं चाचपा, मग मॉनिटर: पीआयसीयूत नवीन आलेल्यांसाठी

आमच्याकडे पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, नवीन कोणी जॉइन झालं, सिस्टर असो की रेसिडेंट, की मी पहिल्या दिवशी एकच काम देते. बेडपाशी जायचं, मॉनिटरकडे पाठ करून उभं राहायचं आणि बाळाची पावलं दोन्ही हातात घ्यायची. गार आहेत की कोमट, आणि गार असतील तर कुठपर्यंत गार, ते सांगायचं. मग वळून आकडे बघायचे. पुण्यात इतकी वर्षं पीआयसीयूत काम करतेय, त्यातून जे हाताला कळलंय ते इथे लिहितेय, आणि हे ड्युटीवर असणाऱ्यांसाठी आहे, घरी मूल आजारी असेल तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा आणि निघा.

पाय आधी का, ते सांगते. मोठ्या माणसाचं रक्ताभिसरण बिघडलं की बीपी तसं लवकर उतरायला लागतं, लहान मुलाचं तसं होत नाही. मुलाच्या हातापायाच्या रक्तवाहिन्या जोरात आवळल्या जातात, हृदय पळायला लागतं, आणि या दोन्हीच्या जोरावर बीपी बराच वेळ ठीकठाक दिसत राहतं. पाय गार पडतात, लघवी कमी होते, पोर आधी चिडचिडं आणि मग सुस्त होतं, आणि बीपी सगळ्यात शेवटी पडतं. ते पडलं तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. म्हणून "बीपी नॉर्मल आहे सर" एवढंच फोनवर सांगणं मला चालत नाही.

पाय बघायची पण पद्धत आहे. हाताची मागची बाजू वापरायची, तळवा नको, ग्लोव्ह काढून, अंगठ्यापासून वर सरकत जायचं, पाऊल, घोटा, पोटरी, गुडघा. गारपणा जिथे संपतो ती जागा चार्टवर शब्दात लिहायची, "घोट्यापर्यंत गार" किंवा "अर्ध्या पोटरीपर्यंत गार". तासाने परत. रेघ खाली सरकली तर बरं चाललंय, वर सरकली तर लगेच सांगायचं. फक्त एक बघा, डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे थंडी असते, त्यात एसी चालू आणि पोर उघडं, मग पाय तसेही गार लागणारच. पांघरूण घाला, मोजे घाला, वीस मिनिटांनी परत हात लावा.

मग सीआरटी, म्हणजे दाबून पांढऱ्या झालेल्या कातडीत रक्त परत यायला लागणारा वेळ. कपाळावर किंवा छातीच्या मधल्या हाडावर बोटाने मध्यम जोराने ५ सेकंद दाबायचं, सोडायचं, रंग परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. हाताचं बोट घेतलं तर हात हृदयापेक्षा जरा वर धरायचा. २ सेकंदापर्यंत ठीक. बहुतेक जण एक सेकंद दाबतात आणि "सीआरटी ओके" लिहून मोकळे होतात, कृपा करून असं करू नका. आणि रंग झटकन, एका सेकंदाच्या आत आला, हात गरम, नाडी उड्या मारतेय, डायस्टोलिक (बीपीचा खालचा आकडा) सिस्टोलिकच्या (वरच्या आकड्याच्या) अर्ध्याहून खाली, तर तेही चांगलं नाही, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनतो तेव्हा) वाहिन्या सैल पडल्या की असं दिसतं आणि नवीन माणूस "पाय गरम आहेत" म्हणून निर्धास्त होतो. गरम शॉक की गार शॉक (शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं) हे नुसत्या हाताने पक्कं ठरत नाही, तिथे एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि लाइनचं, म्हणजे धमनीत नळी घालून मोजलेलं, बीपी लागतंच. हात तुम्हाला एवढंच सांगतो की काहीतरी बिघडतंय.

आता हार्ट रेट. अगदी लहान बाळाचं हृदय एका ठोक्याला बाहेर टाकायचं रक्त फारसं वाढवू शकत नाही, त्यामुळे जास्त रक्त हवं असलं की ते रेट वाढवतं. म्हणून रेट हीच पहिली बातमी. शांत असताना तान्ह्याचा रेट साधारण १०० ते १६०, शाळेतल्या मुलाचा ७० ते १२० च्या आसपास. ताप असेल तर एका डिग्री सेल्सिअसला साधारण १० ठोके वाढतात, रडणं, दुखणं, भूक यानेही वाढतो, म्हणून आधी ते बघा. ताप उतरलाय, पोर झोपलंय, पोट भरलंय आणि रेट तरी १७५ वरून हलत नाही, तर मग त्या रेटला कारण शोधायलाच हवं. तान्ह्यात २२० च्या वर आणि मोठ्या मुलात १८० च्या वर रेट गेला, आणि रडलं काय झोपलं काय तोच आकडा चिकटून बसला, तर एसव्हीटीचा (हृदयाच्या वरच्या भागातून येणाऱ्या चुकीच्या जलद ठोक्यांचा) विचार करा, ईसीजीची पट्टी काढून ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. उलट रेट अचानक खाली यायला लागला तर बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी पडतोय, आधी छाती हलतेय का बघा, ट्यूब बघा, बॅगने श्वास द्या. श्वास नीट देऊनही रेट ६० च्या खाली आणि अंग पांढरं पडलेलं असेल तर कम्प्रेशन (छाती दाबणं) सुरू, वाट बघायची नाही.

मॉनिटरवरचा रेट नाडीशी जुळतोय का ते प्रत्येक शिफ्टला एकदा तरी हाताने बघायचं. तान्ह्याची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला, मोठ्याची मानेत किंवा जांघेत, १० सेकंदात सापडली पाहिजे. ईसीजीतली टी वेव्ह (ठोक्यामागची छोटी लाट) उंच असली की मॉनिटर कधीकधी एका ठोक्याचे दोन मोजतो. आणि स्क्रीनवर ठोके सुंदर दिसतायत पण नाडी नाही, असंही होतं, ते अरेस्टच (हृदय थांबणं) असतं. सॅट प्रोबची (बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात त्याची) वेव्ह पण बघत जा, फक्त आकडा नको. वेव्ह बारीक आणि तुटक होत चालली असेल तर प्रोब सैल आहे म्हणून नुसता दुसऱ्या बोटाला हलवू नका, आधी ते बोट गार आहे का बघा.

बीपीबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथेच मी स्वतः चुकलेय. तेव्हा मी नवीन होते, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. अकरा महिन्यांचं बाळ, दोन दिवस जुलाब, हात मस्त गुबगुबीत. योग्य मापाचा कफ (बीपी मोजायला दंडाला बांधायचा पट्टा) सापडत नव्हता, होता तो छोटा बांधला. आकडा आला ९२ वर ५८. मी चार्टवर लिहिलं आणि पुढच्या बेडला गेले. पाय गुडघ्यापर्यंत गार होते, रेट १८८ होता, पण माझ्या डोक्यात ९२ बसला होता. दोन तासांनी सिनियर सिस्टर आल्या, कफ बघितला, काही न बोलता वरच्या वॉर्डातून मोठा कफ आणला, बांधला, आणि ६८ वर ३० आलं. बाळ वाचलं. पण ते दोन तास त्या पोराला परत देता येत नाहीत, आणि तेव्हापासून मी कफ न मोजता बांधत नाही.

तर कफ. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी, आणि लांबीने दंडाचा ८० ते १०० टक्के घेर झाकला पाहिजे. छोटा कफ बीपी जास्त दाखवतो, मोठा कमी. कफवर "इन्फंट" लिहिलंय म्हणून इन्फंटला बांधू नका, टेपने दंड मोजा. सॅट प्रोब किंवा आयव्ही ज्या हाताला आहे त्याला कफ नको. आणि हेही माहीत असू द्या की मशीन मुळात मीन (सरासरी बीपी) मोजतं आणि वरचा-खालचा आकडा हिशोबाने काढतं, आणि बीपी खूप कमी असेल तेव्हा ते जास्तच दाखवायची शक्यता असते. तीन वेळा लावून तीन वेगळे आकडे आले तर त्यातला आवडलेला लिहू नका, पोराला बघा.

कमी कुठून म्हणायचं ते पाठच करा. पूर्ण दिवसांच्या नवजाताला सिस्टोलिक ६० च्या खाली, १ महिना ते १ वर्ष ७० च्या खाली, १ ते १० वर्षं असेल तर ७० अधिक वयाची दुप्पट, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला ७८ च्या खाली, आणि दहाच्या पुढे ९० च्या खाली. ही तळाची रेघ आहे, यावर आलं म्हणजे छान असं नव्हे. मीनसाठी ५५ अधिक वयाची दीडपट हा मधला आकडा धरतात आणि ४० अधिक दीडपट हा अगदी तळ, म्हणजे चार वर्षांच्या पोराला ६१ आणि ४६.

इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) चालू झाले की आर्ट लाइन (धमनीतली बीपी मोजायची नळी) हवीच, कारण मग पाच मिनिटांत काय होईल सांगता येत नाही. लाइन लावणं डॉक्टरांचं, सांभाळणं आपलं. ट्रान्सड्युसर (लाइनमधला दाब मोजणारा भाग) हृदयाच्या उंचीला, म्हणजे काखेच्या मधून सरळ खाली येणारी रेघ आणि चौथ्या-पाचव्या फासळीमधली जागा जिथे भेटते तिथे. मी तिथे पेनाने छोटी फुली करते, म्हणजे पुढच्या शिफ्टला अंदाज लावावा लागत नाही. झिरो (बाहेरच्या हवेचा दाब शून्य धरणं) करायचं शिफ्ट सुरू होताना आणि काही जोडलं-तोडलं की. ट्रान्सड्युसर स्टँडवर असेल आणि कोणी प्रोसीजरसाठी बेड वर घेतला तर ट्रान्सड्युसर हृदयाच्या खाली राहतो आणि बीपी खोटं जास्त दिसतं, १० सेंटीमीटरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर. मोठ्या माणसात हे खपून जाईल, पण ज्या बाळाचा मीनच ४५ आहे त्याला ८ चा फरक म्हणजे इनोट्रोप वाढवायचा की कमी करायचा एवढा फरक. एक्स-रेवाले येऊन गेले, फिजिओ झाली, बेड हलला की उंची परत बघायची.

वेव्ह चपटी, गोल झाली, मधली खाच गेली, वरचा आकडा पडला आणि खालचा चढला की समजा लाइन डॅम्प झालीय, म्हणजे दाब नीट पोचत नाही. बुडबुडा, रक्ताची गुठळी, नळीचा पीळ, मनगट वाकलेलं, हे क्रमाने बघा, आणि तोवर मीन बघत राहा, तो खऱ्याच्या जवळ असतो. आधी पोराकडे बघायला मात्र विसरू नका, वेव्ह चपटी होण्याचं कारण कधीकधी लाइन नसून खरंच बीपी पडलेलं असतं. फ्लश अगदी थोडा आणि अगदी हळू, तान्ह्याच्या मनगटाच्या लाइनमध्ये जोरात ढकललेलं पाणी उलटं डोक्याच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकतं. औषध या लाइनमधून कधीच नाही, लाल लेबल लावा. बोटं पट्टीत गुंडाळून टाकू नका, उघडी ठेवा आणि दर तासाला रंग बघा, पांढरी किंवा निळी पडली तर लाइन काढायचं बोलायचं, मग ती कितीही मुश्किलीने मिळाली असेल.

आणि रक्त मोजा. तान्ह्यात किलोला साधारण ८० मिली रक्त असतं, म्हणजे ३ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पावशेर पाण्याएवढं. दिवसातून सहा गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-आम्लाच्या तपासण्या) आणि दर वेळी २ मिली टाकून दिलं तर बघा हिशोब. सुरुवातीला ओढलेलं स्वच्छ सिरिंजमध्ये ठेवून परत द्या. लाइनचा तासाला १ मिली फ्लश दिवसाला २४ मिली होतो, तोही इनटेकमध्ये लिहायचा.

लघवी मुलांना तासाला किलोमागे १ मिली हवी, मोठ्या मुलांना अर्धा मिली चालते. कॅथेटर नसेल तर डायपर वजन करा, कोरड्याचं वजन वजा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. सकाळी सहाला बारा तासांची एकदम बेरीज करू नका, लघवी रात्री दोनला थांबली असेल तर दोनलाच कळायला हवं.

बोलस (शिरेतून थोड्या वेळात द्यायचं पाणी) देताना बहुतेक लोक पंपाकडे बघतात, मी लिव्हरकडे बघते. सुरू करायच्या आधी उजव्या फासळीखाली लिव्हरची कड चाचपून पेनाने रेघ मारा. तान्ह्यात एक-दोन सेंटीमीटर तशीही हाताला लागते, म्हणून आधीची रेघ महत्त्वाची. किलोला १० मिली, ७ किलोच्या बाळाला ७० मिली, ५० च्या सिरिंजने द्यायचं आणि संपल्यावर परत रेट, पाय, सीआरटी, लिव्हर, छातीतला आवाज, श्वासाचा वेग. रेट उतरला आणि पाय कोमट झाले तर पाणी लागू पडलं. लिव्हर रेघेच्या खाली गेलं, छातीत बुडबुड ऐकू आली, ऑक्सिजन जास्त लागायला लागला, तर थांबायचं आणि सांगायचं. सेप्सिसच्या २०२० च्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये आयसीयूची सोय असेल तर पहिल्या तासात ४० ते ६० मिली प्रति किलोपर्यंत जाता येतं असं आहे, पण ते १० ते २० च्या बोलसने, दर वेळी तपासत, आणि ओव्हरलोड दिसला की बंद. आणि २०११ ला आफ्रिकेतल्या तीन हजारांवर मुलांवरच्या फीस्ट ट्रायलमध्ये ज्यांना बोलस दिला त्यांच्यात मृत्यू जास्त झाले, तिथे व्हेंटिलेटर-आयसीयू नव्हते, पण पाणी हे पण औषधच आहे एवढं त्यातून कळतं.

लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) २ च्या वर गेलं की लक्ष द्या, पण एका आकड्यापेक्षा ते उतरतंय का ते जास्त बघा. सॅम्पल हात आवळून, पिळून घेतलं आणि अर्धा तास ट्रेमध्ये पडून राहिलं तर आकडा खोटा वाढतो. ॲड्रेनलिननेही लॅक्टेट थोडं वाढतं, हे राउंडला कोणीतरी विचारतंच. सीव्हीपीवर (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबावर) पूर्वी फार भरवसा होता, आता एकटा आकडा बघून कोणी पाणी देत नाही, बोलसनंतर किती उडी मारली ते बघतात. वरच्या सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेतल्या नळीतल्या रक्ताचं) ऑक्सिजन सॅच्युरेशन ७० च्या खाली असेल तर शरीराला रक्त कमी पडतंय असं धरायचं. व्हेंटिलेटरवरच्या मुलाचा ईटीसीओटू (बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) काही न बदलता अचानक पडला तर ट्यूब बघा आणि लगेच नाडी बघा, हृदयातून रक्त कमी निघायला लागलं की तो आधी पडतो.

पुण्यातल्या तीन गोष्टी वेगळ्या सांगते.

डेंगी. पावसाळा संपत आला की आमचे बेड यानेच भरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे निवांत होतात, "सिस्टर, आता बरं वाटतंय ना त्याला", आणि नेमके तेव्हाच पुढचे २४ ते ४८ तास रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायची भीती असते. इथे वरचा आकडा फसवतो. १०० वर ८४ बघून कोणाला काही वाटत नाही, पण दोन्हीतलं अंतर १६ आहे, २० किंवा त्याहून कमी म्हणजे शॉक. म्हणून डेंगीच्या चार्टवर मी पल्स प्रेशरचा, म्हणजे या अंतराचा, वेगळा कॉलम आखायला लावते. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) २० टक्क्यांनी चढला की गळती चालू आहे. आणि गळती थांबली, लघवी सुटली की पाणी कमी करायचंय हे डॉक्टरांना आठवण करा, नाहीतर तेच पाणी परत येऊन छातीत भरतं.

विंचू. भोर, वेल्हे, मुळशीकडून मुलं येतात, जळणाच्या मोळीत हात घातला, दगड उचलला. लाल विंचवाच्या विषाने आधी बीपी चढतं, घाम, लाळ, गार हातपाय, आणि मग हृदय थकून फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) वापरून दाखवलं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, आणि थांबायचं कधी, तर हातपाय गरम झाले की. म्हणजे इथे तुमचा हातच मॉनिटर. गोळी दिल्यावर पोराला उठवून बसवू नका, आईला मांडीवर उभं धरू देऊ नका, बीपी एकदम पडतं. सुरुवातीचे तास अर्ध्या-अर्ध्या तासाने बीपी, श्वास, पाय.

जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला याची साथ आली त्यानंतर सगळ्यांना नाव माहीत झालं, पण बहुतेकांना हातपाय आणि श्वास एवढंच माहीत आहे. यात बीपी-रेट सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात, तासात १५० चं ८० होतं. सक्शन करताना (नळीने घशातला चिकटा ओढताना) रेट धाडकन पडू शकतो, म्हणून आधी १०० टक्के ऑक्सिजन, ॲट्रोपिन (रेट वाढवणारं औषध) भरून हाताशी, एका माणसाची नजर फक्त मॉनिटरवर. चढलेलं बीपी बघून घाईने औषध देऊ नका, पाच मिनिटांत ते आपोआप खाली आलेलं असतं आणि वर तुमचं औषध.

आठ-दहा दिवसांचं बाळ शॉकमध्ये आलं तर सेप्सिस म्हणाच, पण उजवा हात आणि एक पाय दोन्हीकडे सॅट आणि बीपी घ्या, जांघेतली नाडी शोधा. हाताचं बीपी पायापेक्षा २० ने जास्त, जांघेत नाडी लागत नाही, म्हणजे जन्मजात हृदयाचा दोष आणि डक्ट (जन्माआधीची हृदयाजवळची रक्तवाहिनी) बंद होतोय असं असू शकतं. प्रोस्टाग्लँडिन (डक्ट उघडा ठेवणारं औषध) चालू केलं तर बाळ श्वास घ्यायचं विसरू शकतं, बॅग-मास्क उशाशी ठेवा.

इनोट्रोपची सिरिंज बदलणं हा रात्रीचा सगळ्यात धोक्याचा क्षण. संपायच्या अर्धा तास आधी दुसरी भरा, दुसऱ्या पंपावर चालू करून स्थिर होऊ द्या, मग पहिली कमी करा. ते पण हँडओव्हरच्या वेळेला नको.

शेवटचं, आईवडील. ते तासन् तास मॉनिटर बघत बसतात आणि प्रत्येक अलार्मला दचकतात. मी आईला स्टूल देते आणि सांगते, "ताई, तिकडे नका बघू, पाय हातात घेऊन बसा, गार लागले की मला हाक मारा." मागच्या पावसाळ्यात एक आई अशीच बसली होती, पाच वर्षांची मुलगी, डेंगीचा पाचवा दिवस. रात्री तीनला तिने हाक मारली, "सिस्टर, मघाशी कोमट होते, आता परत गार लागतायत." मॉनिटरवर बीपी ९४ वर ७६ होतं, अलार्म वाजला नव्हता. मी हात लावला, पोटरीच्या मध्यापर्यंत गार. डॉक्टरांना उठवलं, हिमॅटोक्रिट पाठवला, संध्याकाळी ३८ होता तो ४७ आला.